मधल्या रकान्यातलं पाचवं वाक्य

मंगळवार, १

मधल्या रकान्यात आजपर्यंत आलेलं:

१. गेल्या महिन्यात १२ तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी सहा वाजता आगाराच्या फलकावर ड्युटीचा नवा तक्ता लागला.
२. सहा वाजून दहा मिनिटांनी तक्त्यासमोर भांडण सुरू झालं. शिव्या दोन्हीकडून होत्या.
३. सहा पंचवीसच्या सुमाराला दगड आले. साठेक माणसं गाड्या धुण्याच्या जागेतून मागच्या फाटकाकडे धावली. त्यांत दोन्ही वस्त्यांची माणसं होती.
४. फाटकाला कुलूप होतं. तिथे चेंगरून दोघे गेले. एक फिटर, वय २६, खालच्या वस्तीतला. एक गाड्या धुणारा, वय ३१, वरच्या वस्तीतला.

चार वाक्यांना आमच्या सलोखा समितीच्या आठ बैठका लागल्या. संयोजकबाई म्हणतात, वेग चांगला आहे. त्या बाहेरून आल्या आहेत, हेच काम त्यांनी आणखी पाच ठिकाणी केलं आहे. किती ठिकाणी जमलं ते मी विचारलं नाही.

पद्धत अशी. चालकांच्या प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतीवर मोठा कागद लावलेला आहे. तीन रकाने. डावा खालच्या वस्तीचा, उजवा वरच्या वस्तीचा. ज्याला जे म्हणायचं ते त्याच्या रकान्यात. दोन्हीकडचे हो म्हणतील तेवढंच मधे. वाक्यात एखाद्या माणसाचा उल्लेख असेल तर ते आधी त्याला वाचून दाखवायचं. त्याच्या होकाराशिवाय भिंतीवर जात नाही.

लिहिते मी. मी आगारात ब्रेक तपासते. माझ्या सहीशिवाय गाडी बाहेर पडत नाही आणि चार वर्षांत माझ्या आकड्यांवर कुणी वाद घातलेला नाही. शिवाय आम्ही आगाराच्या क्वार्टरमध्ये राहतो, म्हणजे ना वरचे ना खालचे. अप्पा, माझे वडील, इथेच स्टोअरकीपर आहेत, एकोणतीस वर्षं. चार महिन्यांनी निवृत्त होतील.

आता पाचव्या वाक्यापाशी घोडं अडलं आहे. कुलूप कुणी लावलं?

त्या फाटकाला कधीच कुलूप नसायचं, साखळी असायची. आगारप्रमुखांनी पोलिसांना तसंच सांगितलं. खालचे म्हणतात, वरच्यांनी बाहेरून कुलूप आणलं आणि आम्हाला कोंडलं. वरचे हेच उलट सांगतात. या एका प्रश्नावर दोन दुकानं जळाली, रस्त्याच्या दोन्ही टोकांना टायर आणि बाकडी रचली गेली, आणि सर्व गाड्या उभ्या आहेत. समितीला १८ तारखेपर्यंत मुदत आहे.

गुरुवार, ३

सकाळी फाटकाचं माप घेतलं. बाईंना नकाशा हवा होता. रुंदी तीन मीटर साठ. गजांमधलं अंतर नऊ सेंटिमीटर. कडी आतल्या बाजूला, जमिनीपासून एक मीटर दहा. कुलूप पोलिसांनी कापून नेलं, त्याचा लोखंडी चुरा अजून खाली आहे. पितळी कुलूप असावं, चुऱ्यात पिवळे कण आहेत.

दुपारी बैठक. बाईंचा आवडता प्रश्न: त्याआधी काय झालं?

खालच्या वस्तीकडून मामा बोलतात. ते ड्रायव्हर, सगळं आगार त्यांना मामा म्हणतं, आणि गेलेला फिटर त्यांचा खरोखरचा भाचा. वरच्या वस्तीकडून एक कंडक्टर. माणूस पायरीवर असतानाच दोन घंटा देते म्हणून तिचं नाव डबलबेल. गाड्या धुणारा तिचा धाकटा भाऊ.

डबलबेल म्हणाली, "नव्या तक्त्यात पहाटेच्या सगळ्या ड्युट्या आमच्या माथी मारल्या. अंधारात पन्नास मिनिटं उतरून यायचं."

"सहा वर्षं आम्ही केल्या," मामा म्हणाले. "तेव्हा बरं कुणाला अंधार दिसला नाही."

"त्याआधी?" बाई.

"त्याआधी वर बस जायची. नऊ नंबर. यांनी बंद पाडली."

"मेल्या म्हशीला मणभर दूध. मी चालवलीय ती नऊ नंबर. चढावर तीनदा बंद पडायची."

"पण यायची तर."

"त्याआधी?"

"असंच मागे जात राहिलो ना बाई, तर माझ्या पणजीच्या लग्नात कोण रुसलं होतं तेही निघेल."

"निघू दे," बाई म्हणाल्या.

ते निघालं नाही. निघालं ते वेगळंच. नऊ नंबर अकरा वर्षांपूर्वी बंद झाली ती माझ्या आधीच्या ब्रेक तपासनिसाच्या अहवालावरून. चढ सातास एक, गाड्या जुन्या, उतारावर थांबण्याचं अंतर मर्यादेबाहेर. तो अहवाल मी पाहिलेला आहे. आकडे बरोबर आहेत. मीसुद्धा तेच लिहिलं असतं, आणि तसं मी बैठकीत सांगितलं.

डबलबेल माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याच वर्षी आईला हातगाडीवरून खाली आणलं. हॉस्पिटलच्या दारात गेली."

मामा म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं."

"विचारलं होतंत का कधी?"

मी दोघांची वाक्यं त्यांच्या त्यांच्या रकान्यात लिहिली. मधल्या रकान्याच्या माथ्यावर, क्रमांकाशिवाय, काय गेलं: नऊ नंबर अहवालामुळे बंद झाली, कुणाच्या सांगण्यावरून नाही. मी आकड्यांची खात्री दिली म्हणून गेलं. बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "बघ, कुणाचीच चूक नव्हती, आणि तरी." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अर्धी वाक्यं मला आवडत नाहीत.

सोमवार, ७

अप्पांच्या उजव्या हाताची पट्टी आज मी बदलली. आईला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही. १२ तारखेला गरम पाणी सांडून हात भाजला असं त्यांनी सांगितलं होतं. भाजल्याची खूण अशी नसते. कोपराखाली, हाताच्या दोन्ही बाजूंना, लांबट सोललं आहे, मनगटाकडून कोपराकडे. एका जागी चामडी गेली आहे. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

जेवताना त्यांनीच विचारलं, "समिती जुने कागद मागते का गं?"

"कुठले जुने?"

"असेच. अहवाल वगैरे."

"नऊ नंबरचा आला होता. का?"

"काही नाही. वाळवी असते, म्हणून म्हटलं."

अर्धी ताटली तशीच ठेवून उठले. आई म्हणाली, "तूच विचार त्यांना, जेवत का नाहीत. मला काही ताकास तूर लागू देत नाहीत."

बैठकीत पाचव्या वाक्यावर दोन तास गेले. मामांचा युक्तिवाद: कुलूप आतून होतं, आणि त्या वेळी धुण्याच्या जागेत वरच्यांची पाळी होती. डबलबेलचा: पाळी वरच्यांची होती म्हणूनच त्यांना कोंडायला कुलूप लावलं, स्वतःलाच कोण कोंडून घेतं? मामा म्हणाले, "मग माझा भाचा तिथे काय नाचायला गेला होता?" ती म्हणाली, "माझा भाऊ तुमच्या भाच्याच्या खाली सापडला, मामा. खाली. वर नाही." बाईंनी खिडकी उघडली.

मला वाटतं की दोघांचेही तर्क सरळ आहेत आणि दोघेही चुकीच्या जागी पोचतात. त्याचा अर्थ सुरुवातीला एखादी गोष्ट गाळलेली आहे. मापनात असं होतं. उपकरण चांगलं असतं, शून्यच सरकलेलं असतं.

मंगळवार, ८

खालच्या वस्तीत वरच्या दूधवाल्याला मारलं. डोक्याला सात टाके. आज एकही गाडी तपासली नाही. तपासायला गाडी बाहेर निघावी लागते.

शुक्रवार, ११

बैठकीनंतर मामा माझ्याजवळ आले. "आमच्या पोरांनी १८ तारखेपर्यंत गप्प बसायचं कबूल केलंय," म्हणाले. "पुढचं मला विचारू नकोस. मी त्यांचा मामा आहे, मालक नाही." पाच मिनिटांनी डबलबेलने जिन्यात गाठून हेच सांगितलं, फक्त पोरांऐवजी "आमचे लोक" म्हणाली. म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत पाचवं वाक्य झालं नाही तर पुन्हा तेच, आणि या वेळी फाटक उघडं असून काही उपयोग नाही. मी हे वहीत लिहिते आहे कारण दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही. बैठकीबाहेरचं कागदावर घ्यायचं नाही असा नियम आहे.

नकाशासाठी मला माझ्या जुन्या सुरक्षा-पाहणीतला आवाराचा आराखडा हवा होता. दोन वर्षांपूर्वी, सुरक्षेच्या कामाला नवी होते तेव्हा केलेली पाहणी. चोवीस शिफारशी होत्या. एकीवरही काही झालं नाही, आगारप्रमुखांनी "उत्तम काम" असा शेरा मारून फाइल स्टोअरला पाठवली. अप्पांकडे मागितली.

"वाळवी लागली तिला."

"लोखंडी कपाटात?"

"लागते कधीकधी."

लागत नाही. मी बारीक विचार केला तर अप्पा काहीतरी लपवत आहेत, आणि स्टोअरकीपर काय लपवणार? सामान दिल्याचं रजिस्टर. कुलूप पितळी होतं. आगारात पितळी कुलपं स्टोअरशिवाय कुणाकडे नसतात.

अप्पांनी कुणाला तरी कुलूप दिलं असावं. कुणाला, आणि कुणाच्या सांगण्यावरून? पोलिसांनी त्यांना काही विचारलंच नाही. स्टोअरकीपरला कुणी काही विचारत नाही, सामान तेवढं मागतात.

अप्पा कोणत्या बाजूचे असतील हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता.

रविवार, १३

अप्पा दुपारी झोपले होते. खुंटीवरची किल्ली घेतली आणि स्टोअरमध्ये गेले. हे योग्य नव्हतं. नोंद करून ठेवते.

रजिस्टर जागेवर होतं. गेल्या महिन्याचं पान, अप्पांचं अक्षर, नेहमीसारखं एका उंचीचं:

"तारीख ९. कुलूप, पितळी, ६५ मिमी, १ नग, दोन किल्ल्यांसह. मागणी दीड वर्षांपूर्वीची, आज प्राप्त. वापर: मागचं फाटक, रोज संध्याकाळी सव्वासहा ते सकाळी पाच. आधार: सुरक्षा-पाहणी, शिफारस १७."

फाइल कपाटातच होती, वरच्या कप्प्यात, कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याखाली. वाळवी नव्हती. शिफारस १७ माझ्याच शब्दांत:

"अंधार पडल्यावर मागच्या फाटकातून गाड्या उलट्या आत येतात व त्याच वेळी पायी माणसंही ये-जा करतात. अपघात टाळण्यासाठी संध्याकाळी सव्वासहानंतर हे फाटक कुलूप लावून बंद ठेवावे."

ती लिहिली तेव्हा एका सफाईवाल्याच्या पायावरून चाक गेलं होतं. कारण योग्य होतं. आणीबाणीत माणसं कुठून निघतील हे मी लिहिलं नव्हतं. तो मुद्दा सुचलाच नव्हता. त्या पाहणीत जिने, विजेच्या तारा, वंगणाचे डबे, सगळं मोजलं होतं. माणसं पळतील हे मोजलं नव्हतं.

चोवीस शिफारशींपैकी फक्त सतराव्या शिफारशीसमोर निळ्या पेन्सिलीची बरोबरची खूण आहे. स्टोअरकीपरच्या हातात तेवढीच होती.

१० तारखेला लावलं, ११ ला लावलं, १२ ला लावलं. तीन संध्याकाळी. सफाईवाल्याच्या अपघातानंतर संध्याकाळच्या गाड्या पुढूनच आत येऊ लागल्या होत्या आणि सव्वासहानंतर तिकडून कुणी जात नसे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

रजिस्टर परत ठेवलं. आधी होतं तसंच, कडेशी समांतर.

सोमवार, १४

दुपारी आई शेजारी गेली तेव्हा मी अप्पांसमोर बसले. ते बटाटे सोलत होते, डाव्या हाताने, वाईट रीतीने. मी म्हटलं, "शिफारस सतरा."

सुरी खाली ठेवली नाही. "कपाट उघडलंस तर."

"हो."

"मग विचारतेस काय?"

"हात."

तेवढं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, एकाच सुरात, जणू सामानाची यादी. त्या दिवशी सव्वासहाला कुलूप लावलं, पुढच्या दारातून निघाले, वाटेत ओरडा ऐकू आला. बाहेरच्या गल्लीतून मागच्या फाटकाकडे धावले. किल्ली खिशात होती. कुलूप आतल्या बाजूला. गजांमधून हात घातला. बोटांना कुलूप लागलं, किल्लीही भोकात गेली, पण आतून माणसं इतकी रेटत होती की कडी ताणलेली, किल्ली फिरेना. मग किल्लीसकट त्यांचा हातच अडकला. "त्या धुणाऱ्याचा चेहरा इथे होता," म्हणाले, आणि स्वतःच्या छातीपासून वीतभर अंतर दाखवलं. "मला ओळखत होता तो. 'अप्पा, उघडा' म्हणाला. मी उघडतच होतो."

बटाट्याची साल खाली पडली. मी उचलली.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगतो की. आत्ता लिही. स्टोअरकीपरने लावलं. मी भिंतीसमोर उभा राहून सांगतो, वाटेल तर."

"आणि का लावलं?"

"सवयीने. म्हाताऱ्या माणसाची खोड. काहीही लिही. तुझा कागद मधे आणायचा नाही."

"कागद आधी आहे, अप्पा. कुलूप नंतर."

"तुला अजून तीस वर्षं नोकरी करायचीय. माझे चार महिने राहिलेत. हिशोब सोपा आहे."

"नुसतं 'स्टोअरकीपरने लावलं' लिहिलं तर दोन्हीकडचे विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून. आणि कारण आपल्या मनाने भरतील. उद्या तुम्ही खालचे व्हाल, परवा वरचे."

"होऊ दे."

"मग काहीच संपत नाही."

"मी काही तुमच्या समितीचा सदस्य नाही," अप्पा म्हणाले. "मी तुझा बाप आहे. दीड वर्ष त्या कुलपासाठी मागणीपत्रं पाठवली. चोवीसातली एक तरी व्हावी म्हणून. तुला सांगणार होतो. महिना झाला की सांगणार होतो."

उत्तर म्हणून मी बटाटे चिरले. ते सगळे सारख्या जाडीचे झाले, एवढंच.

मंगळवार, १५

बैठक झाली नाही, मामांच्या बहिणीची तब्येत बिघडली. बाई एकट्याच खोलीत होत्या. मी कुणाचं नाव न घेता विचारलं: समजा, कुलूप कुठल्याच बाजूने लावलेलं नव्हतं. समजा, ते एका कागदामुळे होतं. कागद चांगल्या हेतूने लिहिलेला. मग?

"मग ते वाक्य दोघांसमोर ठेवायचं."

"मान्य करतील?"

"माहीत नाही. एका गावात केलं. दुसऱ्या गावात असंच वाक्य मिळालं, खरं होतं, पुरावाही होता, आणि लोक म्हणाले, आमची माणसं एका चुकीपायी मेली हे आम्ही ऐकणार नाही. शत्रू असला की दुःखाला धरायला काहीतरी असतं. तो काढून घेतला की माणूस मोकळ्या हाताने उभा राहतो." त्यांनी डोळे चोळले. थकलेल्या दिसत होत्या, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपणही तसेच दिसत असू. "पण कारणाची जागा रिकामी ठेवली तर त्यात कट बसतो. नेहमी."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा हात कसा आहे?"

"भरतोय."

"बरं," एवढंच म्हणाल्या.

बुधवार, १६

अप्पा,

तोंडाने बोलायला गेले की तुम्ही बाप होता आणि मी बटाटे चिरायला लागते, म्हणून लिहिते आहे. वाक्य असं आहे:

"५. फाटकाला कुलूप आगाराच्या स्टोअरकीपरने रोजच्याप्रमाणे सव्वासहाला लावलं. ते १० तारखेपासून लावलं जात होतं. कारण सुरक्षा-पाहणीतली शिफारस १७, जी आगाराच्या ब्रेक तपासनिसाने, म्हणजे त्याच्या मुलीने, लिहिली होती. माणसांना बाहेर पडायला दुसरी वाट लागेल याचा तिने विचार केला नव्हता. भांडणाची कुणालाच आधी कल्पना नव्हती. स्टोअरकीपर बाहेरून उघडायला धावला, पण उघडू शकला नाही."

शेवटचं वाक्य तुम्हाला आवडणार नाही. ते ठेवावं असं मला वाटतं, कारण डबलबेलला तिच्या भावाचं शेवटचं बोलणं कुणी सांगितलेलं नाही, आणि ते फक्त तुम्ही सांगू शकता. ते भिंतीवर नको. तिला एकटीला सांगा, सांगावंसं वाटलं तर.

याचं काय होईल मला माहीत नाही. तुमच्या निवृत्तीवर गदा येऊ शकते. माझी सही रद्द होऊ शकते. दोन्हीकडचे आपल्या दारावर येऊ शकतात. आई काही दिवस मावशीकडे जाईल, मी तिच्याशी बोलले आहे, कारण सांगितलेलं नाही. आणि हे सगळं होऊनही मामा आणि डबलबेल वाक्याला नाही म्हणू शकतात. मग ते मधल्या रकान्यात येणार नाही. तरी ते एकदा मोठ्याने वाचलेलं असेल.

माझं नाव काढून वाक्य द्यायला मी तयार नाही. ते अर्धं होईल. तुमचं नाव तुमच्या होकाराशिवाय देता येत नाही, तो नियम आहे आणि मला मान्य आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी उद्या लिहिण्याच्या कामाचा राजीनामा देईन आणि कुणालाही काही सांगणार नाही. खोटं लिहायला मात्र बसणार नाही.

शिफारशीवरची निळी खूण मी पाहिली.

समिती शुक्रवारी सकाळी दहाला बसते. बाईंना वाक्य आदल्या संध्याकाळी हवं. वही तुमच्या चष्म्याशेजारी उघडी ठेवली आहे. मागची पानं वाचलीत तरी चालेल. उत्तर याच पानावर खाली लिहा, हो किंवा नाही एवढंही पुरे. गुरुवारी, १७ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत.